बेटावर नेलेला तांदूळ

मस्कतच्या वादी कबीर भागात माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मी मुळात तापट, त्यात एकदा डोक्यात आलं की कुणाला न विचारता कामाला लागायचं, ही खोड. चक्रीवादळ ओमानच्याच मसीरा बेटावरून गेलं आणि तिथल्या माझ्या दोस्ताचा फोन लागेना. तो रत्नागिरीकडचा, आमच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला. बेटावर मच्छीमारांच्या वस्तीत त्याचं किराणा दुकान. चौथ्या दिवशी कुणाकडून तरी निरोप आला, सगळे सुखरूप आहेत. मला तेवढं पुरे झालं.

बिल्डिंगमधल्या घराघरांतून तांदूळ, डाळ, तेल जमवलं. पिकअपमध्ये जागा व्हावी म्हणून हत्यारांच्या पेट्या आणि एसी-फ्रीजमध्ये भरायच्या गॅसचे सिलिंडर वर्कशॉपमध्येच उतरवले. पहिल्या फेरीबोटीत गाडी घुसवायला धक्क्यावर भांडलोसुद्धा. बोटीत माझ्यासारखे दानशूर आणखी बरेच होते.

दोस्ताच्या दुकानात पाणी शिरलं होतं, पण माल त्याने वेळेत माळ्यावर चढवला होता. त्याने मला मिठी मारली, चहा पाजला आणि आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून माझा तांदूळ वाटू लागला. लोक पोती घेऊन त्याच्या दारावरून जात होते. मी फोटो काढत होतो.

दुपारी होड्या परतल्या. सुरमई भरपूर मिळाली होती. लोकांनी घरापुरती उचलली आणि बाकीची वाळूत तशीच सोडली. मी दोस्ताला विचारलं, हे काय?

"बर्फ नाय रे. कारखाना बंद पडलाय. बर्फाशिवाय मस्कतची गाडी मासळी घेत नाय. मग ह्यांच्याकडे पैसा कुठला? मेकॅनिक येणार म्हणतात, इन्शाल्ला."

मी तडक कारखान्यात गेलो, पॅनल उघडलं. खाऱ्या पाण्याने एक कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीनला वीज जोडणारा स्विच, जळला होता, थंडाव्याचा गॅसही गळून गेला होता. अर्ध्या दिवसाचं काम. तसले कॉन्टॅक्टर माझ्या वर्कशॉपच्या खणात पडून होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि नेहमीप्रमाणे मी ती दुसऱ्यावर काढली.

"मला आल्या आल्या सांगायचंस ना!"

"किती खूश होतास तू," तो म्हणाला.

उद्याच्या बोटीने जातो, सामान घेऊन लगेच परत येतो, असं मी सांगितलं. तो जरा घुटमळला.

"जाताना गाडी रिकामीच ना? मग माझा तांदूळ ने. आता इथे महिनाभर कोण विकत घेणार? होलसेलवाला पडत्या भावात का होईना, परत घेईल."

सकाळी आम्ही दोघांनी माळ्यावरून पोती उतरवली आणि पिकअपमध्ये भरली. मी आणली होती त्यापेक्षा ती जास्त होती.