मसुऱ्याच्या पडद्यामागे बसून पाहिलेला अर्धा सिनेमा

सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली ती शेजारची सुंदरकाकी. तीनसुद्धा वाजले नव्हते, ऊन मी म्हणत होतं, आणि ही काखेत चटई मारून हजर. सुनेला तिने सांगितलंच नव्हतं. सून आली की मुलं येणार आणि मुलं आली की काकीला सारखं उठावं लागणार. सून पुढे वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बरोबरच केलं.

तर मसुऱ्याला सिनेमाची गाडी आली होती. साठ सालाच्या आसपासचा मे महिना. आम्ही तोंडवलीचे. मी सोळा वर्षांची, शाळा चौथीतच सुटलेली, आणि येत्या बुधवारी माझं लग्न. सासर इन्सुलीला, म्हणजे तेव्हाच्या मानाने दुसऱ्या टोकाला. बाबांकडे आयुष्यात एकच हट्ट केला, लग्नाआधी एक सिनेमा बघायचा. तोवर एकही पाहिला नव्हता. बाबा म्हणाले, "चल. पण काकी व्हयी सांगाती."

तुम्ही आता मोटारीने जाल, गाणी लावून. आम्ही खाडीने गेलो. होडीने जायचं असेल तर भरती लागताना निघा, पाणीच वर नेतं. ओहोटीला निघालात तर चिखलात रुतून खेकडे मोजत बसाल. होडीवाल्याने तिघांचे सहा आणे घेतले. मी घावणे आणि लसणीची चटणी बांधून घेतली होती. निम्मे घावणे काकीने होडीतच उडवले. वर मलाच म्हणते, "लग्नाच्या चेडवान जास्त खावचा नाय गो."

मसुऱ्याला कापणी झालेल्या शेतात दोन वाशांना पांढरं कापड ताणलेलं. पुढे पुरुष, कापडाच्या मागे बायका. रीतच तशी. त्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसायचं. सिनेमाचं नाव आलं तेही उलटं, मला एक अक्षर लागलं नाही. पण चित्र हललं आणि मी काकीचा हात इतका दाबला की तिची बांगडी फुटली.

सिनेमा एका चौदा वर्षांच्या मुलीचा. आईबाप नाहीत, मामा ट्रक चालवतो, तो तिला लांब आजीच्या गावी पोचवायला निघालेला. वाटेत मामाला ताप भरतो आणि ही पोरगी हळूहळू ट्रक चालवायला शिकते. आधी रडते, मग नदीतून गाडी काढते, मग शिट्टी वाजवते. मग तिला कळतं, आजीने तिचं लग्न ठरवून ठेवलंय. पुढे तिठा येतो. एक रस्ता आजीकडे, एक शहराकडे. ती ट्रक थांबवते. पाचातली चार रिळं झाली होती, फक्त शेवटचं राहिलं होतं.

आणि तेवढ्यात गावचे मोठे मानकरी आले. जेवून, पान खाऊन, सावकाश.

"आमी इल्याशिवाय सुरू कसा केलास?"

मशीनवाला बाहेरगावचा. तो म्हणाला, "साहेब, एकच रीळ राहिलंय. बसा ना."

पुढून एक आवाज आला, "त्यांचो मान ऱ्हवाक व्हयो. पयल्यापासून लावा."

तो आवाज माझ्या बाबांचा होता.

लावलं पहिल्यापासून. मामाला पुन्हा ताप भरला, मुलगी पुन्हा रडली. तिसऱ्या रिळात मशीनला वीज देणाऱ्या इंजिनाचं तेल संपलं आणि कापड काळं पडलं. मानकरी तोवर खुर्चीत झोपले होते.

मशीनवाला म्हणाला, "गुरुवारी परत येतो. आधी शेवटचं रीळ दाखवतो, मग बाकीचं."

मी कापडामागून विचारलं, "बुधवारच्या आधी जमात काय?"

पुरुष हसले. कोणी तरी म्हणालं, "व्हकलेक लय घाई आसा." नवरी बोलली म्हणून काकीने मला चिमटा काढला.

परतताना होडीत मी बाबांना विचारलं, "तुमी कित्याक बोललात?"

"तुझ्या लग्नाक येतले ते. पंक्तीत पयले बसतले. त्यांका दुखवून चलात?"

"आणि माका दुखवलेला चलता?"

बाबांनी पाण्याकडे बघितलं. उरलेला एक घावणा काढून माझ्या हातात ठेवला. तोही काकीने, यावरून समजा.

साठेक वर्षं झाली. माणसं म्हणतात, राग विरतो. माझा नाही विरला. बाबा गेले तेव्हा मी रडले, पण तो राग वेगळा ठेवून रडले. नात म्हणते, नाव सांग, मोबाईलवर शोधते. नाव कुठून सांगू? मला उलटं दिसलं आणि पुढे बसलेल्या बाबांना वाचता येत नव्हतं. ती पोरगी माझ्यापुरती अजून तिठ्यावर उभी आहे, इंजिन चालू ठेवून. मानकरी मात्र लग्नाला आले, पहिल्या पंक्तीत बसले आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

सिनेमाची गाडी बोलल्याप्रमाणे परत आली, असं काकीने नंतर सांगितलं. शेवट काय झाला ते तिला माहीत नाही, सुनेने तिला जाऊच दिलं नाही. तो गुरुवार होता. मी इन्सुलीला परक्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले होते.