विझलेला दिवा

मलकापूरला हायवेलगत ट्रेलरचे ब्रेक पाहणारा एक मेकॅनिक आहे. कापसाच्या गाठी घेऊन जाताना काही बिघडलं, की मी त्याच्याकडे थांबतो. हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. चहासुद्धा तो गाडीभोवती फिरतच पितो.

परवा माझ्या ट्रेलरचा, ब्रेकमधला बिघाड दाखवणारा एबीएसचा पिवळा दिवा सकाळपासून जळत होता. त्याच्या शेडपाशी पोचेपर्यंत तो आपोआप विझला.

"जाऊ दे न भाऊ, विझला तो," मी म्हणालो.

"विझला काऊन पण?" म्हणत तो ट्रेलरखाली शिरला. चाकाचा वेग मोजणाऱ्या एका सेन्सरची पिन त्यानं मुद्दाम उपटली. "आता तं लागाले पाह्यजे."

दिवा लागला नाही. बल्बच गेला होता.

त्यानं नवा बल्ब लावला. मग जॅकवर एकेक चाक हातानं फिरवत, मीटर पाहत, चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगपासून मागं सरकलेला सेन्सर शोधला आणि अंगठ्यानं आत रेटला.

"हा बल्ब सकाळीच गेला असता, तं तू थांबला असता काय?"



आता दिवा विझलेला दिसला, की माझाही चहा ट्रेलरभोवती फिरण्यातच संपतो.