उन्हातलं जेवण

येडगावच्या धरणाकडेला आमचा वृद्धाश्रम. मी तिथं स्वयंपाक करते, वाढते. संध्याकाळी पाणी असं निवांत पडून असतं, की हातातलं लाटणं थांबतं आणि आपण कुठं आहोत तेच कळेनासं होतं.

तिथल्या एक आजी बाजारपेठेतल्या जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या. डोळे दोन्ही गेलेले, खोलीत एकट्या. दिवस मावळला की तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. आमचं ताट सातला, आणि थंडीत सहालाच अंधारतं. "भूक नाही गं," म्हणायच्या नि तशाच झोपायच्या. वाळून पार काडी झाल्या. मी व्यवस्थापकांना सांगितलं, तर म्हणे, एकीसाठी वेगळी पंगत कुठं बसवू? माझं डोकंच फिरलं. पण भांडायचं सोडून मी मेलीनं सोपी वाट धरली.

सातला ताट ठेवलं नि म्हणाले, "आजी, अजून ऊन हाय. जेवा."

"कुठवर आलंय?"

खिडकीत नुसता काळोख. मी म्हणाले, "पाण्यावर पसरलंय. बगळेबी पिवळे दिसत्यात."

मग रोज नवं ऊन सांगायची. कधी उसाच्या तुऱ्यांवरचं, कधी पलीकडच्या डोंगरावरचं. आजी ऐकत ऐकत दोन पोळ्या खायच्या. सांगताना माझेच डोळे मिटायचे आणि ते ऊन मला लख्ख दिसायचं. खोटं बोलतेय हे मी विसरूनच गेले.

एक दिवस वाढतानाच लाईट गेली. दारातून आमची दुसरी बाई ओरडली, "अगं, अंधारात काय वाढतीस?"

आजींचा घास हातातच राहिला. "पोरी, दिवस बुडाला?"

"कवाच बुडला, आजी."

"आणि काल?"

"कालबी. दिवाळीपासनं रोजच."

त्यांनी घास ताटात ठेवला. रागावल्या नाहीत. दोन दिवस मात्र कडक उपास केला. मला लाज वाटली, लई रडले. मग व्यवस्थापकांशी कडाकडा भांडले, ते आधीच भांडायला हवं होतं.

आता पाचलाच त्यांचं ताट करते, बाहेर ओट्यावर बसवते. "ऊन हाय, आजी," म्हणते. त्या तळहात उघडा धरतात, त्याला ऊब लागेपर्यंत थांबतात आणि मगच जेवतात.

आभाळ आलेलं असलं की हाताला ऊब लागत नाही. मी शपथेवर सांगते, दिवस अजून वर आहे. त्या हळूच ताट माझ्याकडं सारतात.