बांधीवर वाटलेल्या गोळ्या

माणसाची खरी किंमत त्याच्या हाडांत असते, यावर केशोरीच्या माझ्या आत्याचा जेवढा विश्वास आहे तेवढा एखाद्या हाडांच्या डॉक्टरचाही नसेल. पाया पडायला वाकलो की आशीर्वादाआधी ती मनगट दाबून पाहते. माझ्या बहिणीला पाहायला आलेला शिकलेला मुलगा सतरंजीवरून जमिनीला हात टेकवून उठला, तेवढ्यावर आत्याने नाक मुरडले. "तिशीत हात टेकून राहिला, साठीत काय लोटांगण घालंल?" ते स्थळ फिरले ते फिरलेच. तिच्या घरी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आठवड्यातून चारदा, शिवाय भातशेताच्या बांधीतले खेकडे कवचासकट कुटून केलेला रस्सा. जावयाने एकदा मुनगा नको म्हटले, तर दोन दिवस त्याच्या वरणातही तोच पाला होता.

अशा बाईचीच हाडे पोकळ निघाली. चाळीस वर्षे धानाची रोवणी केली, चिखलात कमरेतून वाकून, एकेक पाऊल मागे सरकत. सडक अर्जुनीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हाडांची कोठी भरते ती तिशीपर्यंत, पुढे नुसता उपसा. आता रोज कॅल्शियमची एक गोळी, आणि रोवणी बंद. यातले दुसरे आत्याने ऐकलेच नाही. गोळ्यांची मात्र तिला भलतीच गोडी लागली असावी, कारण मी महिन्याच्या आणून दिलेल्या गोळ्या चार दिवसांत संपायच्या. जास्त खाल्ल्याने हाडे लवकर भरत नाहीत, उलट पोट बिघडते, असे मी तिला परोपरीने सांगितले. ती "हाव" म्हणायची आणि पुढच्या गोळ्या मागायची.

गेल्या वर्षी बांधीच्या कडेच्या ओल्या धुऱ्यावरून पाय घसरून तिचे मनगट मोडले. दवाखान्यात तिच्यासोबत आलेल्या, रोवणीतल्याच एका बाईने सगळे सांगितले. रोवणीत शिदोरी वाटून खायची रीत आहे, एकीची चटणी आठही जणींच्या भातावर जाते. आत्या शिदोरीत गोळ्याही बांधून न्यायची आणि शेवटच्या घासाबरोबर प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवायची. मी संतापलो. वयाचा मान विसरून वाटेल ते बोललो. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन तिने ऐकून घेतले.

"आठ जणी वाकून राहिल्या, अन् मी एकटीनं खाऊ? कायले?"

 

यंदा ती रोवणीला उतरली नाही, नुसती धुऱ्यावर येऊन बसली. दुपारी मी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. समोर सात जणी वाकल्या होत्या. त्यांच्या कडेला, आत्याच्या जागी, गावात नवी आलेली, विशीतली एक सून होती. आत्या तिच्याकडेच पाहत होती.

"मी त्या पोरीएवढी होतो, तवा ही गोळी भेटाले पायजे होती ना रे, बाबू?"

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. मग तिने बांधीकडे पाठ केली आणि कोणाला दिसणार नाही अशी ती गोळी गिळली.