पायडलवरची शाळा

...हां, आता एनिडचं लिही, बाळा. तिच्या घरी मी स्वयंपाकाला होते. तिथं ऑस्ट्रेलियाच्या ओसाड रानात शेकडो मैलांत शाळा नाही, म्हणून ॲलिस स्प्रिंग्जच्या बाई रेडिओवरून शिकवायच्या. ऐकायला कष्ट नव्हते, पण आपण बोलायचं तर कुणीतरी टेबलाखाली सायकलसारखं पायडल मारायचं, तरच आवाज पोचायचा.

त्या दिवशी तिच्या लॉर्नाची, सहा वर्षांच्या पोरीची, वाचायची पहिलीच पाळी. पायडलवर एनिड. एनिडला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पोरगी वाचायला लागली आणि ही बया तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. पाय थांबलेले, पत्ताच नाही.

बाई म्हणाल्या, "लॉर्ना, आहेस ना गं? नाहीतर पुढच्याला बोलावते."

पोरगी रडकुंडीला आली. मी पिठाच्या हातांनी धावले. "अगं एनिड, पाय हलव की!"

मग काय पायडल मारलं म्हणतेस, टेबल गदागदा हलायला लागलं. पोरीनं सगळं परत वाचलं. बाई म्हणाल्या, "शाब्बास." मागोमाग लांबलांबच्या घरांत ऐकत बसलेल्या बायकाही पायडल मारून शाब्बास म्हणाल्या.

लॉर्ना अजून म्हणते, तेव्हा रेडिओ बिघडला होता. तिला फोन करून सांग, रेडिओ धड होता. आई तिचं वाचणं ऐकत होती.