न धुवायची कुंची

भोकरच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली तेव्हा माय रडत नव्हती, भांडत होती. तेही कंडक्टरशी. "माझी लेक आयर्लंडला चालली, तिची बॅग टपावर कशी टाकतूस रे बाबा?" आयर्लंड कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मायलाही नव्हतं, पण बॅग आत आली. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर एक पुरचुंडी टाकली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. "ही हातातल्या पिशवीत ठेव, इमानाच्या पोटात नको घालू." शेजारी माझा नवरा बसला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. फडकं न सोडताच मला वासावरून कळलं आत काय आहे ते. वेखंड, धुरी, लेकराच्या टाळूवर घालायचं तेल. आमच्या घरची कुंची होती.

आताच्या लेकरांना हुडी माहीत, कुंची माहीत नाही, म्हणून सांगते. डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागं पाठीवर झालरीसारखी पसरते, लेकराला वारं लागू नये म्हणून. आमची माझ्या पणजीनं शिवलेली. पिवळ्या साटिणीची, आत तांबडं अस्तर, कपाळावर मण्यांची कड, आणि मागं सगळीकडं रेशमाचा कशिदा, साखळी टाक्यानं काढलेली वेल. खालच्या काठाला राघू. ज्या लेकरानं कुंची घातली त्याच्या नावाचा एक राघू त्याच्या आईनं काढायचा, अशी रीत. नऊ राघू होते. आठवा माझा, वाकड्या चोचीचा. नववा माझ्या भावाचा, बाळूचा, एका डोळ्याचा, कारण दुसरा डोळा काढायच्या आत पाऊस येतोसा दिसला आणि माय हळद झाकायला पळाली. पुढं तीस-पस्तीस वर्षांत तिला तो डोळा काढायला सवड झाली नाही!

कुंची राहायची घरच्या लेकीकडं. तिची स्वतःची लेकरं ती घालणार, आणि भावाला लेकरू झालं की आत्या म्हणून बारशाला तीच घेऊन येणार, घालणार, कानात नाव सांगणार. माझ्या आत्यानं माझ्या लग्नात ती मायच्या हाती दिली, मायनं मला. एकच ताकीद होती, पाणी लावायचं नाही. धुवायची नाही, नुसतं ऊन दाखवायचं. त्या वासात आधीची सगळी लेकरं असतात म्हणे. मी नर्सिंग शिकलेली, मला हे ऐकून हसू यायचं.

आयर्लंडातल्या कॉर्क शहरात मी ती हॉट प्रेसमध्ये ठेवली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, इथल्या घरात तेवढीच एक जागा कोरडी. पहिली दोन-तीन वर्षं कपाट उघडलं की वास यायचा आणि बरं वाटायचं. वॉर्डात बारा तास लोकांची पाठ पुसून यायचं, टॉवेल काढायला दार उघडायचं आणि मिनिटभर तिथंच उभं राहायचं. मग तपासण्या सुरू झाल्या. माय फोनवर कधी सरळ विचारायची नाही. म्हणायची, "बाकी काय?" त्या बाकीत सगळं असायचं. मी म्हणायची, "बाकी काही नाही."

सहाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं, की आता मूल होणार नाही. मीही रोज अशाच आवाजात पेशंटना सांगत असते. नवरा तिथूनच ऑफिसला गेला, मी घरी आले. कपडे बदलायला म्हणून हॉट प्रेस उघडलं आणि तो वास असा अंगावर आला की माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, राग आला. पणजीचा, आत्याचा, मायचा, त्या नऊ राघूंचा. मी कुंची उचलली आणि मशीनमध्ये टाकली. तीस डिग्री, डेलिकेट, वर लॅव्हेंडरचं लिक्विड. आणि समोर स्टूल घेऊन बघत बसले.

तांबड्या अस्तरानं रंग सोडला. पिवळ्या साटिणीवर डाग पडले, हिरवे राघू मातकट झाले, मण्यांची कड एका जागी उसवली. आणि वास गेला. हातात घेऊन हुंगत राहिले मी, लॅव्हेंडर, फक्त लॅव्हेंडर. त्या दिवशी मी जी रडले ती डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानं नाही रडले, त्या वासासाठी रडले.

पुढं नवरा आणि मी वेगळे झालो. भांडण नाही, काही नाही, बोलणंच सरलं. त्याला आता दुसऱ्या गावात दोन मुली आहेत. चांगला माणूस आहे, मी वाईट म्हणणार नाही.

बाळूला पहिला मुलगा झाला. आता कुंची मागणार. मी मायला काय दाखवू? आणि मायचा फोन आला तो असा, "तू काई धाडू नको बरं का. कुरिअरात हरपंल. हितं नांदेडात लई भारी कुंच्या मिळून राहिल्या, बाळूनं आणली बी." माझी सुटका झाली आणि तरी मी तिला नाही नाही ते बोलले. आत्या जिवंत असताना बाजारातली घातली, मी काय मेले का? माय ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "तुझ्यासाठी ठेवली गं. तुला लागंल." मला लागेल! मी एकोणचाळीस वर्षांची, एकटी राहणारी, आणि ती अजून माझ्यासाठी राखून होती. मागितली तर माझी आस संपली असं होईल, म्हणून तिनं मागितली नाही. आणि माझ्याकडं तर द्यायला ती कुंची उरलीच नव्हती.

यंदा बाळूला मुलगी झाली. त्याच्या बायकोनं, सारिकानं, स्वतः फोन केला. "ताई, बारसं सव्वा महिन्यानं ठेवू, पण तुमी या. नाव तुमीच ठेवायचं." कुंचीचा शब्द नाही. मी रजा टाकली, हैदराबादला उतरले आणि गाडी करून भोकरला आले. कुंची हातातल्या पिशवीत होती, आणि रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते.

एकही कामी आलं नाही. माय ओसरीत तूर निवडत होती. मी पुरचुंडी तिच्या सुपाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "माय, मी धुतली."

तिनं फडकं सोडलं. डाग पाहिले, राघूंवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशीच धरली. मला वाटलं आता बोलेल. बोल की बाई, शिव्या दे, मी त्यासाठी समुद्र ओलांडून आलेय!

"कवा?" तिनं विचारलं.

"डॉक्टरनं नाही म्हणलं त्या दिवशी."

माय उठली. अंगणातल्या दोरीवर तिनं कुंची उलटी वाळत घातली, अस्तर वर करून. परत येऊन सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मग इतकी वर्सं एकलीच बसलीस व्हय हे घेऊन? येडी." तिच्या डोळ्यातलं पाणी तुरीत पडत होतं आणि ती निवडत होती.

बारशाला मी ती कुंची बाळाला घातली. सारिकानं डाग पाहिले. बाजारातली आणून ठेवलेली तिनं गुपचूप कपाटात सारली, ते मी पाहिलं. मी बाळाच्या कानात रेवती म्हणाले. तिनं माझ्या खांद्यावर दूध काढलं, कुंचीवरही काढलं. बायका हसल्या. कुंची मी तिथंच ठेवली, आता घरची लेक तीच.

निघायच्या दिवशी मायनं हळद दिली, मेतकूट दिलं, करडईची भाजी वाळवून ठेवली होती ती दिली. बॅगेची चेन ओढता ओढता सहज म्हणाली, "बरं झालं, आणून दिलीस. आता तुझ्यापाशी आमचं काईच ऱ्हायलं न्हाई." तिच्या मनात काही नव्हतं, सामानाची यादी जुळवावी तसं म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र ते वाक्य माझ्या छातीवर बसलं, आणि हैदराबादपर्यंत उठलं नाही.

आता इथं हॉट प्रेसमध्ये टॉवेल आहेत. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे कळेल. मला इतकी वर्षं त्या कुंचीचं ओझं वाटत होतं, पण ती माझ्याकडं होती तोवर मला एकदा परत जावंच लागणार होतं. काम होतं माझं तिकडं. त्यांचं काही द्यायचं बाकी होतं. आता ते काम झालं. रेवतीचा राघू सारिका काढील. मला बोलवायला कुणाला कारण उरलं नाही, आणि मला जायला नाही.

परवा रजेचा अर्ज भरला. दिवाळी नाही, लग्न नाही, कुणी आजारी नाही. मधलेच दहा दिवस. अर्जात कारणाचा रकाना होता, तो कोराच सोडला. मायला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "का गं? काय काम काढलंस?"

"काही नाही," म्हटलं. "उगीच येतेय."

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ये."