बेलाच्या पानाचा सौदा

माझ्या व्याह्याने मला म्हसा गावच्या बैलबाजारात भरदिवसा फसवले, आणि त्यात महादेव सामील होता. पंधरा वर्षे मी हे कुणाला बोललो नाही. किन्हवलीतून नुसती काठी घेऊन निघालो आणि बैलांच्या धंद्यात नाव केले, तो मी. मला फसवणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जन्मलेला नाही, असा माझा समज होता.

हा मुरबाडकडचा, माझ्या मुलीचा सासरा. महादेवाचा इतका वापर खुद्द पार्वतीनेही करून घेतला नसेल. छप्पर गळू लागले की कौल बदलायचे सोडून तो गळतीखाली पाट मांडून बसे. "शंकरानं अख्खी गंगा डोक्यावर घेतली, आपल्याला चार थेंब नाय झेपत?" माझ्या बायकोच्या हातचा चहा तो घशातच धरून ठेवी आणि मग सांगे, "हलाहल खाली उतरू द्यायचं नसतं, विहीणबाई." भातसानगरला धरण दाखवायला नेला, तर तिथल्या कर्मचाऱ्याला म्हणाला, "एवढं सिमेंट लागलं? आमच्या देवाचं जटांत भागलं." लग्नाच्या बैठकीत मानपानावरून मी आवाज चढवला, तेव्हा त्याने शांतपणे दक्षाची गोष्ट काढली. मुलीच्या बापाने जावयाला यज्ञाचे बोलावणे केले नाही. मुलीने अग्नीत उडी घेतली, यज्ञ मोडला आणि शेवटी बापाच्या धडावर बोकडाचे मुंडके बसले. "तुमी बोला, इवाई. मी आपली गोष्ट सांगितली." सगळी बैठक माझ्या मानेकडे बघत होती. मी मानपान सोडून दिले.

तर बाजाराचे. आमच्यात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघे उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव करतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. हात हलवला की सौदा पक्का. तो मोडणाऱ्याच्या दावणीला पुन्हा कोणी उभा राहत नाही. त्या वर्षी माझ्याकडे एक पांढराशुभ्र खोंड होता, बाजारात एकच. व्याही त्याच्या वशिंडावर हात फिरवत म्हणाला, "आमच्या देवळातल्या नंदीचं नाक फुटलंय. हा द्या, देवापुढं बसंल." मी म्हटले, "उपरण्याखाली या." त्याने एकही बोट दाबले नाही. माझ्या तळव्यात बेलाचे पान ठेवले, वरून मूठ आवळली आणि हात गदागदा हलवून "झाला सौदा" म्हणून मोकळा झाला. मग कानाशी लागला, "झाडावरच्या पारध्यानं नकळत पान टाकलं तरी देव पावला. तुमाला तर हातात दिलंय." भोवती बाजारातले सगळे दलाल उभे. बैल पानावर गेला, हे मी त्यांना सांगू? पान खिशात घातले आणि मनासारखा भाव मिळाल्यासारखा हसलो.

पावसाळ्यात मुलीकडे गेलो, तर देवाचा नंदी त्याच्या भाताच्या खाचरात चिखलणी करत होता.

"हा देवळात बसणार होता ना?"

"नंदी काय बसून खातो का, इवाई? देवाला पाठीवर घेऊन फिरतो. मी देवाचाच गडी."

नुकताच तो गेला. दहाव्याला मुलगी म्हणाली, "बाबा, मामंजी गावभर सांगायचे, किन्हवलीच्या इवायानं बाजारात मला कापला, असा भाव दुसऱ्या कोणाला जमायचा नाय. तुमी किती घेतलेत हो?"

दोन तालुक्यांत माझा दबदबा वाढला तो या भावावर, हे मला तेव्हा कळले. मी उठून देवळाची वाट धरली.

आता त्याच्याच देवळात, फुटक्या नाकाच्या नंदीमागे बसलो आहे. महादेवा, तुझ्या नावावर माझा बैल नेला, वर माझी अब्रू राखून मलाच मिंधा करून तो निघून गेला. मला त्याच्याशी हा सौदा पुन्हा करायचा होता. पंधरा वर्षे बोटे तयार ठेवली होती. उपरणे बरोबर आणले आहे. आता तू हात घाल आणि जबाब दे.